ओबीची वाळू विका, पण खड्ड्याचा हिशोब आधी द्या

इरईकाठ

खाणकाम आणि चक्राकार अर्थव्यवस्था (टाकाऊ माल पुन्हा वापरात आणणं) हे शब्द हल्ली एकाच वाक्यात सर्रास येतात. आमच्या चंद्रपूर-नागपूर पट्ट्यात त्याची उदाहरणंही दाखवली जातात, आणि ती खोटी नाहीत. वेकोलिने, म्हणजे कोल इंडियाच्या नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सने, भानेगाव खाणीत ओबीतून वाळू वेगळी करायला सुरुवात केली. पुढे गोंडेगावला रोज २,५०० घनमीटर वाळू निघेल एवढ्या क्षमतेचा प्रकल्प उभारला. पाटणसावंगीच्या खाणीतलं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटल्यांत भरलं. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख विटांत, सिमेंटमध्ये आणि रस्त्यांच्या भरावात जाते.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायला वरची काळी माती, मुरूम, वाळूचा दगड उचलावा लागतो, तो सगळा ओबी. विदर्भातल्या बऱ्याच खाणींत एका टन कोळशामागे चार-पाच घनमीटर ओबी निघतो. तो बाहेर टाकतात आणि त्याचे सपाट माथ्याचे डोंगर होतात. पद्मापूर, भटाळी, दुर्गापूरकडचे ढिगारे इरईच्या खोऱ्यात आहेत. पावसात त्यांची माती नाल्यांवाटे नदीत उतरते, पात्र उथळ होतं. चंद्रपुरात २००६ आणि २०१३ ला पूर शिरला तेव्हा गावात हीच चर्चा होती. ढिगांवर वेड्या बाभळी माजल्या, त्यांत वाघ-बिबटे राहायला आले, आणि २०२२ च्या सुरुवातीला दुर्गापूर-ऊर्जानगर भागात माणसं मारली गेली.

तेव्हा हे ढिगारे कुणी वापरात आणत असेल तर मला आनंदच आहे. माझा आक्षेप त्या वाळूला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणण्यावर आहे. ओबी टाकाऊ नाही. तो त्या खड्ड्याचा आहे. जिथून काढला तिथे परत जायचं त्याचं ठरलेलं काम आहे, आणि खाण बंद करण्याच्या आराखड्यात तसं लिहिलेलंही असतं. २००९ पासून कोळसा मंत्रालयाने प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवणं बंधनकारक केलं. उघड्या खाणीसाठी तेव्हाचा दर हेक्टरी ६ लाख रुपये होता, २०२० मध्ये तो ९ लाख झाला. म्हणजे खड्डा हे देणं आहे हे सरकारलाही मान्य आहे. मग ते देणं फेडायचा माल आपण आज बाजारात विकायला काढला, तर उद्या खड्डा कशाने भरणार?

खड्डा न भरल्याने काय होतं हे घुग्गुसला विचारा. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या आमराई वॉर्डात भरवस्तीतलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. कोळसा काढून नेणारे कधीच निघून गेले होते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक खाणीने ओबी किती काढला, खड्ड्यात परत किती घातला, बाहेर किती उरला आणि विकला किती, हे चार आकडे जाहीर करावेत. खड्डा भरायला पुरेल एवढा ओबी राखून मगच उरलेल्याची वाळू करावी. त्याआधी चक्र-बिक्र म्हणू नये. विरोधी मतं हवी आहेत, खाणीत काम केलेल्यांची विशेष.


कन्हानवासी

ताई, खड्ड्याबद्दल बोललात, आता नदीबद्दल ऐका. मी कन्हानच्या काठावर राहतो. घर बांधायला वाळू लागते आणि ती कुठून तरी येणारच. गोंडेगावातून आली नाही तर कन्हानमधून येईल. रात्री पात्रात पोकलेन उतरतं, पहाटेपर्यंत टिप्परच्या रांगा, आणि सकाळी नदीत पुरुषभर खोल खड्डे. पात्रातली वाळू गेली की पाणी धरून ठेवणारं काही राहत नाही. काठच्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतात. नागपूर शहर याच नदीचं पाणी पितं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये छोट्या वाळू घाटांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. राज्याने २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचं धोरण आणलं. चोरी थांबली का? नाही. चोरी थांबते ती दुसरीकडून स्वस्त माल मुबलक मिळाला की. ओबीची वाळू हा मला दिसलेला पहिला खरा पर्याय आहे. तुमच्या चार आकड्यांची वाट बघत तो प्रकल्प थांबवला तर त्याची किंमत माझी नदी देईल.


कामठीकर

माझी सगळी नोकरी कोळसा खाणीच्या नियोजन विभागात झाली. इरईकाठ यांचा मुद्दा भावनेच्या अंगाने बरोबर वाटतो, गणिताच्या अंगाने तपासू.

जमिनीत घट्ट बसलेला दगड सुरुंगाने फोडला की फुगतो. ताजा असताना २५-३० टक्के. म्हणजे पाच घनमीटर ओबी काढला तर ढिगात तो सव्वासहा घनमीटर भरतो. एक टन कोळशाची जागा साधारण ०.७ घनमीटर. म्हणजे खड्डा झाला ५.७ चा आणि माल आहे ६.२५ चा. खड्डा काठोकाठ भरूनही ओबी उरतो. उरलेल्यातून वाळू काढली तर खड्ड्याचं काही जात नाही. हा हिशोब जास्त ओबी असलेल्या खाणींचा आहे, आणि विदर्भातल्या खाणी त्यातल्याच.

दुसरं, वाळू कुठल्या ओबीतून निघते? इथल्या कोळशाच्या वर जो वाळूच्या दगडाचा थर आहे त्याला भूगर्भशास्त्रात आमच्या कामठीचंच नाव आहे. तो दगड ठिसूळ असतो, चुरा करून धुतला की चांगली वाळू मिळते. काळी माती आणि चिकणमाती त्या प्रकल्पात चालतच नाही. ती बाजूला राहते आणि भरावाला, वरच्या थराला तीच उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट, खाण पुढे सरकत असते. पहिल्या कापाचा ओबी बाहेर टाकावाच लागतो कारण आत जागा नसते. पुढे एका बाजूने कोळसा काढत दुसऱ्या बाजूने भरत जातात, त्याला अंतर्गत डंपिंग म्हणतात. शेवटचा खड्डा उरतो तो भरायचा तर पहिल्या कापाचा ओबी कित्येक किलोमीटर उलटा वाहून आणावा लागेल. डंपर त्यासाठी जे डिझेल जाळतील त्याचाही धूर होतो, ताई. त्यापेक्षा त्या खड्ड्यात पाणी साठू द्यावं. वेकोलिने खाणीचं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना द्यायचा करार केला तो याच विचाराने. तेवढं पाणी नदीवरून कमी उचललं जातं.


इरईकाठ

@कामठीकर साहेब, गणित मांडलंत, आभार. पण फुगलेला दगड कायम फुगलेला राहत नाही. डंपरच्या चाकांखाली आणि दहा-वीस पावसाळ्यांत तो दबतो. दबल्यावरचा फुगवटा १०-१५ टक्के धरला तर तुमचे पाच घनमीटर साडेपाच ते पावणेसहा होतात. खड्डा ५.७ चा. उरलं किती? जवळपास काही नाही. तुमच्याच आकड्यांनी.

म्हणूनच मी खाणीगणिक हिशोब मागते. एखाद्या खाणीत खरंच उरत असेल, दुसरीत नसेल. सगळीकडे 'ओबी उरतोच' असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं.

@कन्हानवासी दादा, प्रकल्प थांबवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. बाहेरच्या जुन्या ढिगांतून वाळू काढा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. इरईकाठचे ढीग आधी घ्या.


वणीचा कास्तकार

मी शिकलेला कमी हाय, पर वीस वरसं खाणीच्या शेजारी शेती करतो. आमच्या गावाजवळच्या खाणीचं नाव घेत नाही. कापूस फुटते तवा पांढरा रायते, वेचेपर्यंत काळा होते. रस्त्यानं कोळशाचे ट्रक जाते, ताडपत्री अर्धी फाटलेली. व्यापारी बोंड हातात घेते, बोटाले काळं लागलं का भाव पाडते.

वाळू बनवा, बाटलीत पाणी भरा, आम्हाले काही म्हणायचं नाही. पर खाण सुरू व्हायच्या वक्ती सांगतलं होतं का काम झाल्यावर जमीन सपाट करून देऊ. ज्याची जमीन गेली त्याले नोकरी भेटली, ज्याची बाजूची रायली त्याले धूळ भेटली. विहिरीचं पाणी खाली गेलं, कावून का खाण रात्रंदिवस पाणी उपसते. तेच पाणी वीजकेंद्राले जाते म्हणता. मंग ते पाणी आमच्या वावरात कावून येत नाही जी? खाणीपासून वावर अर्ध्या कोसावर हाय.


राखवीट

वीट उद्योगाकडून थोडं. मी राखेच्या विटा बनवतो. राख, सिमेंट, दगडाची भुकटी, पाणी, मशीनचा दाब, मग पाणी मारून सुकवणं. भट्टी नाही, कोळसा नाही, शेताची वरची माती खरवडावी लागत नाही. लाल विटेसाठी नदीकाठची सुपीक माती जाते, हे कुणी मोजत नाही.

राखेचा पहिला नियम १९९९ चा. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांना राख शंभर टक्के वापरायला लावली, न वापरलेल्या राखेवर टनाला हजार रुपये भरपाई ठेवली, आणि तलावांत साठलेली जुनी राखही दहा वर्षांत संपवायला सांगितली. नियमाने माझ्यासारख्याचा धंदा उभा राहिला, हे मी मान्य करतोच. पण चांगली कोरडी राख सिमेंट कारखाने बल्करने (बंद टँकरने) घेऊन जातात. आमच्या वाट्याला तलावातली ओली, जाडीभरडी राख, तीही वाहतूक स्वतःच्या खिशातून. त्या राखेत वीट कमजोर येते, मग गवंडी म्हणतो राखेची वीट नको. कागदावर राखेचा वापर शंभर टक्क्यांजवळ दिसतो. त्यातली किती राख घराच्या भिंतीत गेली आणि किती खोलगट जागी ओतून 'भराव' म्हणून दाखवली, हा आकडा वेगळा मागा. दोन्हींना एकच 'वापर' म्हणणं बरोबर नाही.

जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला, राख शेतांतून कोलार आणि कन्हान नदीत गेली. तीच राख वेळेवर आम्हाला मिळाली असती तर तलाव तेवढा भरला नसता.


कामठीकर

@इरईकाठ दबल्यावरचा फुगवटा खोलीवर आणि दगडाच्या जातीवर अवलंबून असतो, १० टक्के सगळीकडे धरता येणार नाही. पण खाणीगणिक हिशोब हवा हे तुमचं म्हणणं नियोजनाच्या दृष्टीनेही योग्य आहे.

@राखवीट यांच्या मुद्द्यावरून एक सुचवतो. शेवटच्या खड्ड्यात राख भरा. कोळसा जिथून आला तिथे त्याची राख परत जाते. भारतीय कोळशात राख ३०-४० टक्के असते, म्हणजे मालही मुबलक. रेल्वेचे डबे कोळसा घेऊन वीजकेंद्रात जातात आणि रिकामे परत येतात. यापेक्षा गोल चक्र कुठलं?


वणीचा कास्तकार

राख खड्ड्यात भराल, अन खड्ड्यातलं पाणी आमच्या विहिरीत येते तं? खसाळ्याच्या लोकायले विचारा राख वावरात आली का काय होते. बियाणं उगवत नाही.


ऱ्हाईनचा शेजारी

जर्मनीत एस्सेनला राहतो, मूळ नागपूरचा. कामठीकर म्हणाले शेवटच्या खड्ड्यात पाणी साठू द्या. इथे पूर्वेकडच्या लाउझित्झ भागात लिग्नाइटच्या खड्ड्यांचे मोठे तलाव केलेत, लोक तिथे होड्या चालवतात, छानच दिसतं. पण मी राहतो तो रुरचा भाग. इथली शेवटची दगडी कोळशाची खाण बोट्रॉपला डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. खाली पोकळ झाल्याने काही ठिकाणी जमीन वीस मीटरपेक्षा जास्त खचलेली आहे. आता पंप थांबवले तर वस्त्या पाण्याखाली जातील. म्हणून पंप चालू आहेत आणि ते कायम चालू राहणार आहेत. जर्मन लोक याला 'अनंतकाळचा खर्च' म्हणतात. तो भरायला २००७ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केलं, खाण कंपनीची मालमत्ता त्याच्याकडे दिली आणि तिच्या उत्पन्नातून हा खर्च चालतो.

मला हे महत्त्वाचं वाटतं की इथे खर्च मान्य करून त्याच्यासाठी पैसा बाजूला काढला, तोही शेवटची खाण बंद व्हायच्या अकरा वर्षं आधी. आपल्याकडे २०२० च्या हेक्टरी ९ लाखांच्या दरात तीस वर्षांचा पंप आणि कुंपण बसतं का, हा प्रश्न कामठीकरांनी सोडवावा.


साखळीकर

गोव्याहून लिहितो. ओबी 'टाकाऊ' की 'माल' हा वाद आमच्याकडे जुना आहे आणि तो तुम्हाला उपयोगी पडेल.

डिचोली, सत्तरी, सांगे भागात लोहखनिजाचे डंप डोंगरांएवढे आहेत. हे डंप तयार झाले तेव्हा ५५ टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेली माती कचरा धरली जात होती. मग चीनने हलक्या प्रतीचा माल घ्यायला सुरुवात केली, भाव चढले, आणि २००९ मध्ये भारतीय खाण ब्युरोने ती मर्यादा ४५ टक्क्यांवर आणली. डंप तोच, माती तीच, पण एका कागदाने कचऱ्याचं खनिज झालं. मग ते कुणाचं? लीजवाल्याचं, ज्याच्या जमिनीत टाकलं त्याचं, की सरकारचं?

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लीजच्या हद्दीबाहेर डंप टाकणंच बेकायदेशीर ठरवलं, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतला दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठीच्या कायम निधीत ठेवायला सांगितला. २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या. तेव्हापासून 'नवी खाण नको, फक्त डंप हलवू' असा सूर आहे. ऐकायला चक्राकार. पण जुन्या डंपांवर अकेशिया वाढून माती जरा धरून बसली आहे. तो डंप पुन्हा उकरला की पहिल्याच पावसात लाल चिखल शेतात. माझ्या मामाच्या मळ्यातल्या पाटात ढोपरभर लाल गाळ बसायचा, तो काढल्याशिवाय वायंगणाची (हिवाळी भाताची) लावणी होत नसे.

खाण बंद झाल्यावर ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले देशोधडीला लागले हेही मी पाहिलंय. म्हणून डंप हलवूच नका असं मी म्हणत नाही. पण आधी मालक ठरवा. मालक ठरला नाही तर चक्र कंपनीच्या अंगणात फिरतं आणि चिखल गावाच्या.


जालना भट्टी

माझं मत या धाग्यातल्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. कोळशाचं चक्र होऊच शकत नाही. कोळसा जाळला की संपला, मागे राख आणि धूर. ओबीची वाळू, राखेची वीट ही जळून गेलेल्या मालाच्या बाजूची किरकोळ आवराआवर आहे. चक्राकार अर्थव्यवस्था बघायची तर धातूकडे या.

आमच्या जालन्यात इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळवून सळई बनते. मराठवाड्यात खाण नाही, बंदर नाही, तरी महाराष्ट्रभरच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई आहे. केंद्राच्या २०१९ च्या भंगार धोरणातच लिहिलंय की एक टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो. ही खरी खाण बंद करणारी गोष्ट.

पण भंगाराचंही काम कष्टाचं आहे. गाडी आली की माणसं हाताने निवडतात. बंद सिलिंडर किंवा शॉकअप नजरेतून सुटून भट्टीत गेला तर स्फोट होतो, पातळ लोखंड अंगावर येतं. मोटारीच्या वायरचं तांबं मिसळलं तर ते वितळून वेगळं काढता येत नाही, लोखंडातच राहतं आणि सळई लाटताना तडे जातात. दर फेरीला तांब्याचा अंश थोडा थोडा वाढत जातो. म्हणजे इथेही वर्गवारी नीट नसेल तर चक्र काही फेऱ्यांत अडतं. सरकारने पैसा घालायचाच असेल तर निवडीच्या यार्डांत घालावा, बंद खाणींवर बागा फुलवण्यात नको.


सुरजागड रस्ता

@जालना भट्टी भाऊ, भंगार आणणार कुठून? भारतात माणशी वर्षाला शंभर किलोच्या आसपास पोलाद वापरलं जातं, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. पूल, रेल्वे, घरं अजून बांधली जातायत. आज घातलेली सळई पन्नास वर्षांनी भंगारात येईल. तोपर्यंत लोहखनिज लागणारच, आणि ते आमच्या एटापल्लीच्या डोंगरातून जाणार. मी गडचिरोलीचा आहे. चक्राच्या गप्पा शहराला परवडतात. आम्हाला हे हवं की खनिज जिल्ह्यातून जाताना जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आमच्याच दवाखान्यात आणि शाळेत लागावा. २०१५ च्या कायद्याने तो पैसा खाणबाधितांसाठी ठेवलाय.


जालना भट्टी

@सुरजागड रस्ता भंगार आज पुरत नाही हे खरं, म्हणूनच परदेशातूनही येतं. पण पन्नास वर्षं थांबायचं कारण नाही. जुन्या गाड्या, जुनी यंत्रं, पाडलेल्या इमारती आजच आहेत. २०२१ चं गाड्या मोडीत काढायचं धोरण नीट राबवलं तरी फरक पडेल.


कन्हानवासी

चर्चा लोखंडावर गेली, मी वाळूवर परत आणतो. इरईकाठ ताई, जुन्या बाहेरच्या ढिगांतून वाळू काढा म्हणालात. मान्य. पण जुने ढीग मिसळलेले असतात. काळी माती, शेल, वाळूचा दगड सगळं एकावर एक. त्यातून वाळू धुवायला जास्त पाणी, जास्त चिखल. चालू खाणीत वाळूच्या दगडाचा थर वेगळा उचलता येतो, म्हणून वाळू स्वस्त पडते. तुमच्या अटीने वाळू महागली की टिप्पर परत नदीत.


इरईकाठ

@कन्हानवासी दादा, ही अडचण खरी आहे आणि तिचं उत्तर दरात शोधावं लागेल. बाहेरचा ढीग हटला की खालची जमीन मोकळी होते, नाला मोकळा होतो, पुराचा धोका कमी होतो. वाळूच्या भावात यातलं काहीच धरलेलं नसतं. जुन्या ढिगातल्या वाळूवर स्वामित्वधन (रॉयल्टी) माफ करा, चालू थरातल्या वाळूवर पूर्ण घ्या. मग कुठला ढीग आधी उचलायचा हे कंपनीचा हिशोबनीसच ठरवेल.

@कास्तकार दादा, राखेबद्दलची तुमची भीती रास्त आहे. राखेत जड धातू असतात आणि पाण्यात बुडालेल्या खड्ड्यात ती ओतली तर ते पाझरतात. कामठीकर साहेबांची योजना कागदावर गोल दिसते. पण खड्ड्याच्या आसपासच्या विहिरींचं पाणी आधी आणि नंतर तपासून आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावल्याशिवाय मी तिला हो म्हणणार नाही.


कामठीकर

राखेसाठी विहिरी तपासण्याची अट योग्य. स्वामित्वधनाची कल्पना मला पटत नाही. जुने ढीग उचलायला यंत्रं गुंतली की चालू खाणीचं अंतर्गत डंपिंग मागे पडतं, आणि भरावाचं काम मागे पडणं ही तुमचीच तक्रार आहे. हेक्टरी ९ लाखांबद्दल विचारलंत, तर कायमचा पंप धरून तो आकडा ठरवलेला नाही. माझ्या मते तो खोलीनुसार असायला हवा. ऐंशी मीटरच्या आणि दोनशे मीटरच्या खड्ड्याला एकच दर लावणं अभियांत्रिकीत बसत नाही.

चार आकड्यांपैकी तीन मिळायला अवघड नाहीत. प्रत्येक खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या पत्रात ओबी एकूण किती, आत किती भरणार, बाहेरच्या ढिगाची उंची किती, शेवटचा खड्डा किती हेक्टरचा आणि किती खोल, हे लिहिलेलं असतं. पत्रं केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर आहेत. अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. पत्रातला आकडा आणि अहवालातला आकडा शेजारी ठेवा. विकलेल्या ओबीचा रकाना मात्र त्या नमुन्यात मी पाहिलेला नाही. तो मागायचा असेल तर विस्ताराच्या जनसुनावणीत मागा, कारण तिथे विचारलेल्या प्रश्नाची इतिवृत्तात नोंद करावीच लागते.


वणीचा कास्तकार

साहेब, जनसुनावणीत इंग्रजी जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवते, मराठीत दहा-बारा पानं. आमच्या इकडं खाण वाढवायचं चालू हाय, सुनावणी लागनच. तुम्ही सांगतलेले आकडे त्या मोठ्या पुस्तकात कोणत्या प्रकरणात रायते ते लिहून द्या. अन ताई, प्रश्न कसा मांडायचा तो चार ओळीत मराठीत लिहा. पोराच्या हातानं लिहून गावच्या लेटरहेडवर देतो. वाचून दाखवाले मी उभा रायतो.


इरईकाठ

@कास्तकार दादा, आज रात्री लिहून टाकते. सुनावणीची तारीख तीस दिवस आधी जाहीर करावी लागते, कळली की इथे टाका. चंद्रपूरहून आम्ही काही जण येऊ.